आवरणाऱ्या पेशी : टाइप १ मधुमेहाच्या इतिहासातलं एक प्रकरण
(हडपसर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने पेशींवर कशाला बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ हे प्रबंधाचं आहे, तेव्हा इन्सुलिनचा डोस मला कोणी विचारू नये. (हशा) पण ‘आपलं काय आणि परकं काय’ हा प्रश्न आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. विसाव्या शतकात तो प्रश्न प्रतिकारशास्त्राने उचलला आणि प्रयोगशाळेत नेला. तिथे त्याचं काय झालं, हे मला पाहायचं होतं. आणि टाइप १ मधुमेह हा आजार असा आहे की ज्यात हा प्रश्न एखाद्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात, स्वादुपिंडात, अक्षरशः सोडवला जात असतो. चुकीचा सोडवला जात असतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण आपल्याकडे ‘शुगर’ या एका शब्दाखाली सगळं येतं. वय वाढल्यावर, वजन वाढल्यावर, घराण्यात असल्यामुळे होतो तो बहुतेक वेळा टाइप २. त्यात इन्सुलिन तयार होत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि पुढे ते कमीही पडतं. टाइप १ मध्ये इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच मारल्या जातात. मारणारं बाहेरचं कोणी नसतं, आपल्याच प्रतिकार यंत्रणेतल्या टी पेशी असतात. म्हणजे साखर खाल्ल्यामुळे, चॉकलेटं दिल्यामुळे, आईने लाड केल्यामुळे हा आजार होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतोय. अजूनही अनेक घरांत मुलाला हा आजार निघाला की पहिलं बोट आईकडे जातं.

दोन प्रकार आहेत ही जाणीव नवी नाही. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. निरीक्षण म्हणून हे फार सुंदर आहे. पण म्हणून ‘आमच्याकडे टाइप १ आधीच ठाऊक होता’ असं म्हणू नये. कृश रोगी पाहणं वेगळं आणि तो कृश का होतो हे कळणं वेगळं. युरोपातसुद्धा कारणाच्या अंगाने हा भेद नीट मांडला तो हॅरल्ड हिम्सवर्थ या इंग्रज डॉक्टरने, १९३६ मध्ये. त्याने रोग्यांना ग्लुकोज आणि इन्सुलिन एकदम देऊन पाहिलं. काहींची साखर झटकन आटोक्यात राहिली, काहींवर इन्सुलिनचा फारसा परिणाम झाला नाही. इन्सुलिन हाताशी आल्याशिवाय हा प्रयोग शक्यच नव्हता. ते हाताशी आलं १९२१-२२ मध्ये, टोरंटोत. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी अशी मुलं काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत जात. उपाशी ठेवणं हाच तेव्हाचा उपचार होता.

इन्सुलिन मिळालं आणि गंमत अशी झाली, की ‘पेशी मरतात का?’ हा प्रश्न मागे पडला. पंप बिघडला, आपण बाहेरून पाणी ओततोय, चाललंय ना? मग पंप का बिघडला याची निकड उरत नाही. जवळजवळ चाळीस वर्षं ती फारशी उरली नाही. स्वादुपिंडातल्या लँगरहॅन्सच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशींचा घोळका दिसतो, हे काही शवविच्छेदन करणाऱ्यांना दिसलं होतं. १९४० मध्ये फॉन मायेनबुर्ग यांनी त्याला ‘इन्सुलायटिस’ हे नावही दिलं. पण ती अपवादात्मक गोष्ट मानली गेली. १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी आजार सुरू झाल्यावर लवकरच मरण पावलेल्या तरुण रोग्यांची स्वादुपिंडं काळजीपूर्वक तपासली, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांत हा घोळका त्यांना सापडला. मग तो अपवाद कसा म्हणायचा? आतापर्यंत तो दिसला नव्हता, कारण लोक जुन्या रोग्यांची स्वादुपिंडं पाहत होते. आग विझून गेल्यावर राख पाहून धूर नव्हता म्हणण्यासारखं.

आता थोडं मागे जातो, कारण इथे तत्त्वज्ञान येतं.

पाउल एर्लिख. एकोणिसावं शतक संपता संपता बर्लिन आणि मग फ्रँकफर्ट इथे काम करणारा हा माणूस. घटसर्पाच्या प्रतिविषाचं, म्हणजे घोड्यांच्या रक्तातून काढलेल्या सीरमचं, प्रमाणीकरण त्याने केलं. हडपसरच्या श्रोत्यांना घोडा आणि सीरम यांचं नातं मी काय सांगणार! इथली सीरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये सुरू झाली तीच त्या नात्यातून. पूनावाला स्टडफार्मचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात, आणि मग ते सीरम आपणच का काढू नये, असा विचार आला. पहिलं उत्पादन धनुर्वाताचं प्रतिविष. एर्लिखच्या ज्ञानाचा हा थेट वारसा आपल्या गावच्या मातीत आहे.

तर या एर्लिखने आणि मॉर्गेनरॉथने बोकडांना दुसऱ्या बोकडांचं रक्त टोचलं. त्यांच्या शरीरात त्या परक्या रक्तपेशी फोडणारी द्रव्यं तयार झाली. पण स्वतःचं रक्त फोडणारं द्रव्य काही केल्या तयार होईना. यावरून त्याने एक शब्द घडवला, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’. शरीराला स्वतःला विष घालण्याचा धसका आहे, असा साधारण अर्थ. पुढची पन्नास वर्षं या शब्दाचा अर्थ लोकांनी असा घेतला, की शरीर स्वतःवर हल्ला करूच शकत नाही. एर्लिख तसं म्हणाला नव्हता. तो म्हणत होता, की असा हल्ला होऊ नये म्हणून शरीरात काहीतरी आवर घालणारी व्यवस्था असली पाहिजे, आणि ती मोडली तर रोग होईल. पहिल्या अर्थात आवर घालणाऱ्याची गरजच नाही. दुसऱ्या अर्थात सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. शिष्यांनी गुरूचं अर्धं वाक्य पाठ केलं. आमच्या विषयात हे रोज होतं. विज्ञानातही होतं, हे पाहून मला जरा बरं वाटलं. (हशा)

१९५६ मध्ये ही समजूत फुटली. अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच थायरॉइडविरुद्ध आजार घडवून दाखवला, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डेबोरा डोनिआक यांच्या गटाने हाशिमोटो आजाराच्या रोग्यांत थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं दाखवली. याच डोनिआकबाईंनी पुढे १९७४ मध्ये बोटात्झो आणि फ्लोरिन-क्रिस्टेनसेन यांच्याबरोबर मधुमेहाच्या काही रोग्यांत स्वादुपिंडाच्या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. त्याच सुमारास ऊतींची ओळख ठरवणाऱ्या एचएलए जनुकांशी या आजाराचं नातं समोर आलं. तेव्हापासून टाइप १ मधुमेह हा स्वयंप्रतिकार आजार, हे हळूहळू मान्य झालं.

म्हणजे हल्ला होतो हे ठरलं. पण मग आपल्यापैकी बहुतेकांना तो का होत नाही?

याचं पहिलं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांचं. १९६० चं नोबेल त्यांना आणि पीटर मेडावर यांना विभागून मिळालं. बर्नेटची कल्पना अशी, की प्रतिकार पेशी तयार होतानाच ज्या स्वतःच्या शरीराला ओळखतात त्या नष्ट केल्या जातात. हे कुठे होतं? छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी असते. मुलांत ती मोठी असते आणि वय वाढेल तशी आक्रसते. १९६१ मध्ये जाक मिलर यांनी तिचं महत्त्व दाखवेपर्यंत तिला बरेच जण निरुपयोगी समजत होते. त्या थायमसमध्ये टी पेशींची परीक्षा होते. शरीराची प्रथिनं दाखवून पाहतात; जी पेशी त्यांच्यावर धावून जाते ती नापास, तिला मरण. फार सुबक सिद्धान्त आहे. शाळेतच वाईट मुलं काढून टाकली की गावात पोलीस लागत नाही, असा.

पण परीक्षा कुठलीही असो, कॉपी करून पास होणारे असतातच. तुमच्या-माझ्या रक्तात या क्षणी इन्सुलिनला ओळखणाऱ्या टी पेशी फिरत असू शकतात. तरी आपल्याला टाइप १ मधुमेह नाही. मग त्यांना कोण आवरतं?

इथून मला खरी रुची आहे.

१९६९ मध्ये जपानच्या निशिझुका आणि साकाकुरा या दोघांनी एक विचित्र निरीक्षण छापलं. उंदराचं पिल्लू तीन दिवसांचं असताना त्याची थायमस काढली तर पुढे माद्यांचे अंडाशय नष्ट होतात. सात दिवसांनी काढली तर काही होत नाही. त्यांना आधी वाटलं, हा संप्रेरकांचा खेळ असेल. पण तो प्रतिकार यंत्रणेचा हल्ला निघाला. विचार करा. थायमस काढली म्हणजे टी पेशी कमी झाल्या. मग हल्ला कमी व्हायला हवा. तो वाढला कसा? याचा एकच सरळ अर्थ निघतो, की थायमस हल्लेखोर बनवते तसे आवरणारेही बनवते, आणि आवरणारे जरा उशिरा बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी दार बंद केलंत, तर हल्लेखोर बाहेर आणि आवरणारे आत.

जवळपास त्याच वेळी, १९७० मध्ये, येलमधल्या रिचर्ड गर्शन यांनी कोंडो यांच्याबरोबर दुसऱ्या वाटेने दाखवलं, की काही टी पेशी प्रतिकार दाबतात. त्यांना ‘सप्रेसर’, म्हणजे दमनकारी पेशी असं नाव पडलं. पुढची दहा-बारा वर्षं या पेशींचा नुसता सुकाळ होता. जिथे काही समजलं नाही तिथे सप्रेसर पेशी. त्यांच्या साखळ्या, त्यांचे स्राव, त्यांचे नकाशे. उंदरांत या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचा रेणू मानला गेला होता, आणि त्याचं जनुक कुठे असणार तेही ठरलं होतं. १९८३ मध्ये रेणवीय जीवशास्त्राच्या नव्या साधनांनी तो पट्टा वाचला, तर तिथे असं जनुकच नाही! त्याच वर्षी गर्शनही गेले. विषय कोसळला. ‘सप्रेसर’ हा शब्द उच्चारणं म्हणजे स्वतःची पत घालवणं, अशी अवस्था आली. अनुदान बंद, विद्यार्थी येईनात.

मी इथे जरा थांबतो, कारण पॉपर आणि कून वाचलेल्या माणसाला हे उदाहरण सोडवत नाही. पॉपरच्या सोप्या आवृत्तीप्रमाणे सगळं बरोबर झालं, भाकीत खोटं ठरलं, सिद्धान्त टाकला. पण टाकलं काय? आय-जे नावाची खूण खोटी होती. निशिझुकांचे उंदीर खोटे नव्हते. अंडाशय नष्ट झालेल्या माद्या तशाच होत्या. सोनाराने खोट्या शिक्क्याबरोबर सोनंही फेकलं, असं हे झालं. माझं मत विचाराल तर शास्त्रज्ञांच्या समाजाने इथे पुराव्यापेक्षा लाजेला जास्त मान दिला.

शिमोन साकागुची या तरुण जपानी डॉक्टरने मात्र निशिझुकांचे उंदीर सोडले नाहीत. तो नागोयाच्या ऐची कर्करोग केंद्रात त्याच धाग्यावर काम करायला गेला होता. ऐंशीच्या दशकात त्याने दाखवलं, की थायमस काढलेल्या उंदरांना निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या तर आजार टळतो. मग पुढचं काम चिकाटीचं, की त्या टी पेशींतल्या नेमक्या कोणत्या? १९९५ मध्ये उत्तर छापून आलं. ज्यांच्या अंगावर सीडी४ आणि सीडी२५ या दोन्ही खुणा आहेत त्या. सीडी४ पेशींत त्यांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आतबाहेर. या वगळून बाकीच्या पेशी टी पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या, तर थायरॉइड, जठर, अंडाशय अशा कितीतरी अवयवांवर हल्ला झाला. आणि स्वादुपिंडाच्या बेटांवरही, म्हणजे गेप्ट्सनी पाहिलेला तोच घोळका. जुन्या नावाची बदनामी टाळायला नवं नाव घेतलं गेलं, ‘रेग्युलेटरी’ म्हणजे नियामक टी पेशी. दमन करणारे गेले, नियमन करणारे आले. राज्यकर्त्यांनी शिकण्यासारखं आहे. (हशा)

तरीही संशय होताच. तो मिटला दुसऱ्याच गोष्टीने. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओक रिज इथे किरणोत्साराचे परिणाम अभ्यासणाऱ्या प्रयोगशाळेत आपोआप एक उंदीर जन्मला होता. खरबरीत, सोलवटलेली कातडी, मोठी प्लीहा, काही आठवड्यांत मरण, आणि आजारी पडत ते फक्त नर. त्याला ‘स्कर्फी’ म्हणत. नव्वदच्या दशकात मेरी ब्रुंको आणि फ्रेड राम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरचा त्याचा बिघाड शोधायला घेतला. आज हे काम चटकन होईल. तेव्हा वर्षं लागली. शेवटी वीस जनुकं संशयित उरली. एकेक तपासत गेले, आणि विसाव्यात, म्हणजे अगदी शेवटच्यात, बिघाड सापडला. त्या जनुकाचं नाव फॉक्सपी३. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि त्याच वर्षी माणसांतही तोच बिघाड दाखवला गेला, आयपेक्स नावाच्या दुर्मीळ आजारात. मुलगे जन्मतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत न थांबणारे जुलाब, अंगावर पुरळ, आणि टाइप १ सारखा मधुमेह. तान्ह्या बाळाला! दोन वर्षांत साकागुची आणि इतर दोन गटांनी दाखवलं, की फॉक्सपी३ हेच नियामक पेशींचं मुख्य बटण आहे. ते बटण नसलेल्या बाळात आवरणारे उरत नाहीत, आणि अनेकदा सगळ्यांत आधी बळी जातात त्यात स्वादुपिंडाच्या बीटा पेशी असतात.

एर्लिखच्या अर्धवट पाठ केलेल्या वाक्याचा उरलेला भाग शंभर वर्षांनी असा सापडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये या तिघांना नोबेल जाहीर झालं. राम्सडेल तेव्हा डोंगरात भटकायला गेले होते आणि फोन बंद होता. समितीला ते सापडेचनात. आवरणाऱ्या पेशी शोधणारा माणूस स्वतः मोबाइल आवरू शकतो, हे मला त्या पुरस्कारापेक्षा जास्त भावलं.

आता साध्या टाइप १ कडे येऊ. आयपेक्स लाखांत एखादा. नेहमीच्या टाइप १ च्या मुलांत फॉक्सपी३ शाबूत असतं, नियामक पेशींची संख्याही बहुधा ठीक असते. मग काय बिघडतं? इथे संदेशांची भाषा समजून घ्यावी लागते. पेशी एकमेकींशी रेणूंनी बोलतात. इंटरल्यूकिन-२ नावाचा एक संदेश आहे. हल्लेखोर पेशी तो सोडतात, त्याने त्या वाढतात. नियामक पेशी स्वतः तो फारसा बनवत नाहीत, पण त्यांना तो लागतो, आणि त्यांच्या अंगावर तो पकडणारा हात फार लांब असतो. हा हात म्हणजेच सीडी२५. त्या तो संदेश ओढून घेतात. हल्लेखोरांना तो कमी मिळतो, यांना बळ मिळतं. टाइप १ चा धोका वाढवणाऱ्या जनुकांची यादी काढली तर एचएलए आणि खुद्द इन्सुलिनच्या जनुकाखाली कोण सापडतं? सीडी२५ चं जनुक. आणखी एक, सीटीएलए-४, जो नियामक पेशींचा दुसरा लगाम. म्हणजे लगाम तुटलेला नसतो, थोडा सैल असतो. अनेक सैल लगाम, त्यात काही बाहेरचा धक्का, कदाचित एखादा विषाणू, आणि वर्षानुवर्षं चाललेली झीज. उलट बाजूने पुरावा कर्करोगाच्या वॉर्डातून आला. ट्यूमरवर टी पेशी सोडाव्यात म्हणून हेच लगाम औषधाने काढतात. २०१८ चं नोबेल त्या कल्पनेला होतं. त्या रोग्यांपैकी थोड्यांना काही आठवड्यांत टाइप १ सारखा मधुमेह होतो. लगाम काढला, घोडा सुटला.

पुण्याचं या कथेत काय आहे? आहे, आणि ते आपल्याला फारसं माहीत नसतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातला डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मधुमेह विभाग भारतीयांच्या ‘दिसायला बारीक, आतून चरबी’ या शरीरप्रकारासाठी जगात ओळखला जातो. त्यातूनच एक अडचण निघते. युरोपात बारीक आणि तरुण रोगी दिसला की टाइप १ वाटतो. आपल्याकडे टाइप २ सुद्धा तरुण वयात आणि बारीक माणसांत होतो. मग ओळखायचं कसं? चूक दोन्हीकडे महाग. टाइप १ च्या मुलाला गोळ्यांवर ठेवलं तर कीटोॲसिडोसिस होऊन ते जिवावर बेततं. टाइप २ वाल्याला आयुष्यभर विनाकारण इन्सुलिन टोचत बसावं लागतं. २०२० मध्ये केईएम, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडचं एक्झिटर विद्यापीठ यांनी मिळून पुण्यातले टाइप १ चे २६२, टाइप २ चे ३५२ आणि मधुमेह नसलेले ३३४ लोक तपासले. युरोपीय लोकांवर बेतलेला जनुकीय धोक्याचा गुणांक आपल्यालाही लागू पडतो का, हा प्रश्न. बऱ्यापैकी पडतो, असं निघालं, पण काही जनुकांत फरक आहे, म्हणून भारतीयांसाठी तो सुधारायला हवा. आवर घालण्याची यंत्रणा एकच, तिच्या सैल जागा मात्र थोड्या आपापल्या, असा मी त्याचा अर्थ लावतो.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की इंटरल्यूकिन-३ हा संदेश उंदरांत नियामक पेशी वाढवतो आणि सांध्यांचा स्वयंप्रतिकार आजार सौम्य करतो. मधुमेह नव्हे, संधिवात. पण आवरणारे तेच.

आणि आता हडपसर. इथे बीसीजी लस बनते, क्षयावरची, आणि जगभर जाते. बॉस्टनच्या डेनिस फॉस्टमन यांचं म्हणणं असं, की हीच लस टाइप १ मध्ये उपयोगी पडेल, कारण ती चुकार टी पेशी मारते आणि नियामक पेशींना जागं करते. त्यांच्या २०१२ च्या पहिल्या अभ्यासात लस मिळालेले रोगी होते तीन. २०१८ मध्ये त्यांनी काही मोजक्या रोग्यांत तीन वर्षांनंतर साखर उतरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि जगभर मथळे झाले. मी हे मुद्दाम काढतोय, कारण ‘लस इथेच बनते, मग आमच्या नातवाला का देत नाही?’ असं मला एका आजोबांनी विचारलंय.

आजोबा, म्हणून सांगतो. बीसीजीमुळे मधुमेही जातीच्या उंदरांत आजार टळतो हे १९९० पासून माहीत आहे. पण त्या उंदरांत शेकड्याने गोष्टी चालतात, ज्या माणसांत चालत नाहीत. नव्वदच्या दशकात मुलांवर प्रयोग झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकून केलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नव्याने आजार झालेल्या मुलांना लसीचा काही फायदा दिसला नाही. २०१८ च्या मथळ्यांनंतर अमेरिकेतल्या मधुमेहाच्या दोन मोठ्या संघटनांनी एकत्र निवेदन काढून सबुरीचा सल्ला दिला. आणि सगळ्यांत सोपा विचार हा, की आपल्याकडे बहुतेक प्रत्येक बाळाला जन्मतःच बीसीजी मिळते, तरीही टाइप १ असलेल्या मुलांची संख्या ज्या देशांत सर्वाधिक आहे त्यांत भारत आहे. फॉस्टमनबाई म्हणतील, जन्मतः एक डोस वेगळा, मोठेपणी अनेक डोस वेगळे. तार्किकदृष्ट्या त्यांचं बरोबर आहे. मग ते मोठ्या चाचणीत दाखवावं लागेल. तोपर्यंत कोणी खाजगीत ती लस टोचून घेऊ नये.

नियामक पेशी वाढवून उपचार करायचे बाकीचे प्रयत्नही असेच नम्र करणारे आहेत. रोग्याच्याच नियामक पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत दिल्या. २०१५ मध्ये १४ रोग्यांत ते सुरक्षित ठरलं. मग मुलांवरच्या मोठ्या चाचणीत इन्सुलिन टिकवण्यात फायदा दिसला नाही. इंटरल्यूकिन-२ आणि रॅपामायसिन एकत्र देऊन पाहिलं. नियामक पेशी वाढल्या, पण रोग्यांचं उरलंसुरलं इन्सुलिन काही काळ आणखी घटलं, कारण तोच संदेश दुसऱ्या मारेकरी पेशींनीही ऐकला. मला या छोट्या, फसलेल्या प्रयोगाबद्दल फार आदर आहे. नऊच रोगी होते, पण त्यांनी शिकवलं, की सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी हाक मारून पोलीस बोलावले तर चोरही जागे होतात.

जे काम झालं ते दुसऱ्या बाजूने झालं. टेप्लिझुमॅब नावाचं औषध टी पेशींच्या सीडी३ या खुणेला धरतं आणि हल्लेखोरांना थकवतं. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं आली आहेत, साखर बिघडू लागली आहे, पण आजार अजून उघड झालेला नाही, अशा ७६ नातेवाइकांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला. औषध न मिळालेल्यांत आजार उघड व्हायला मध्यमान सुमारे २४ महिने लागले, मिळालेल्यांत ४८. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. टाइप १ ची वाटचाल लांबवणारं हे पहिलं औषध. तेव्हा, २०२२ मध्ये, चौदा दिवसांच्या कोर्सची जाहीर किंमत सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर होती. दोन वर्षं म्हणजे काय, असं कोणी म्हणेल. सहा वर्षांच्या मुलाच्या आईला विचारा. आठव्या वर्षी मूल स्वतः सांगू शकतं की मला गरगरतंय. सहाव्या वर्षी ते झोपेत राहतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मग आज आमच्यासाठी यातलं काय?)

आज? आज इन्सुलिन, दिवसातून चार-पाच वेळा साखर मोजणं, आणि शाळेला मोकळेपणाने सांगणं. आयसीएमआरने टाइप १ साठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं २०२२ मध्ये काढली आहेत, ती डॉक्टरांना दाखवा. मूल एकदम खूप पाणी पितंय, रात्री अंथरूण ओलं करतंय, वाळतंय, तर त्याच दिवशी बोटातून रक्त काढून साखर पाहा. आठवडाभर थांबू नका. आणि निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत इन्सुलिनची गरज एकदम कमी होते, साखर छान दिसते. उरलेल्या बीटा पेशींना थोडी उसंत मिळालेली असते, तेवढंच. याच काळात ‘मुळापासून बरं करतो’ म्हणणारे भेटतात आणि इन्सुलिन बंद करायला सांगतात, आणि काही दिवस त्यांचं खरंही वाटतं.

(प्रश्न : मुलगी आहे. लग्नाच्या वेळी सांगायचं का?)

सांगायचं. पहिल्याच भेटीत.